मुडीतला भात

सरकारकडं पैसा नाही, हे वाक्य साठी ओलांडली तरी ऐकतोच आहे. पैसा येतो कुठून, जातो कुठं, ते मात्र कुणी सांगत नाही. दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला जेवढं कळतं तेवढं मी सांगतो.

नवी मुंबई कुणाच्या पैशावर उभी राहिली? 1970 साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. त्यात आमची तळवलीही. हिशोब सोपा होता. शेताच्या भावानं जमीन घ्यायची, रस्ते-गटारं करायची, प्लॉट पाडून शहराच्या भावानं विकायचे. मधल्या फरकात शहर बांधायचं. साहेब लोक याला कायबी नाव देवोत, मी याला कर म्हणतो. गर्दी मुंबईची कमी करायची आणि कर भरायचा आगरी-कोळ्यांनी! पावतीसुद्धा नाही.

दि. बा. पाटलांच्या मागं माणसं उभी राहिली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली. त्यातलेही तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले आणि हातात राहिले पावणेनऊ, तेही 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. बापजाद्यांची जमीन, आणि आम्ही भाडेकरू.

बरं, गेलं ते गेलं. पण त्या पैशाचं काय करता, हे विचारायचा हक्क तर राहिला ना?

आमच्याकडं बियाण्याचा भात पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवत. वैशाखात घरातला दाणा सरला तरी मुडीला हात लावायचा नाही. उसनं आणा, अर्धपोटी राहा, पण मुडी सोडू नका. ती खाल्ली तर पुढच्या साली पेरणार काय?

मालमत्ता कर, पाणीपट्टी ही दरसालची पिकं. त्यातून झाडलोट, दिवाबत्ती, पगार भागवावेत. प्लॉट ही मुडी. एकदाच विकता येतो. तो विकून आलेल्या पैशाला उत्पन्न म्हणणं हाच मोठा घोटाळा आहे. जमीन देऊन जन्मभर टिकणारी वस्तू घ्या, आमचं काही म्हणणं नाही. महापालिकेनं मोरबे धरण घेतलं, त्याचं पाणी आज शहर पितंय. पैसा असा मुरवावा. पण धडका फूटपाथ उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवणं, खांबाखांबावर रोषणाई करणं, याला मुडी खाणंच म्हणतात.

आणि गावठाणात पोराच्या संसारासाठी चार खोल्या वाढवल्या, तर ते बांधकाम अनधिकृत. त्यावर कराशिवाय वर शास्ती. परवानगी मागायला गेलं तर घर नाही, वसुलीला आले की घर आहे. हा कुठला न्याय?

खाजणात पूर्वी बांधासाठी शेतकरी भाताचा वाटा देत, त्याला शिलोत्री म्हणत. देताना जीवावर यायचं, पण बांध डोळ्यांसमोर असायचा. भरतीचं पाणी आत आलं की वाटा कुठं गेला ते अडाण्यालाही विचारता यायचं.

माझी मागणी तेवढीच आहे. प्लॉटविक्रीचं खातं वेगळं ठेवा. कुठला प्लॉट कितीला गेला आणि त्यातून काय उभं राहिलं, ते दरसाल गावात मराठीत वाचून दाखवा. मुडी आमची होती. तिचं पीक कुठाय, ते आम्ही विचारणारच.