हाताला काम, कामाला विद्या

रान उघडे पडले, ओढे आटले, जमिनीचा कस गेला, की सरकार निधी मंजूर करते. बांध घातले जातात, खड्डे खणून रोपे लावली जातात आणि आकडे प्रसिद्ध होतात. तीन पावसाळ्यांनंतर तेथेच जाऊन पाहावे, तर अनेक ठिकाणी बांध फुटलेला व रोपे करपलेली! दोष मजुराचा खचित नव्हे. उतार कसा मोजावा, समपातळीची रेषा कशी आखावी, हे त्याला कोणी शिकविलेच नाही. त्याच्या घामाचे दाम दिले गेले. त्याच्या बुद्धीवर मात्र कवडीही खर्च झाली नाही.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना तारले. वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीतून आलेल्या या योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ साली देशानेही तोच कित्ता गिरविला. तिचे उपकार कोण नाकारील? परंतु हमी मिळाली ती अंगमेहनतीच्या कामाची. आजोबाने खडी फोडली, बापाने माती वाहिली आणि नातूही तीच पाटी उचलणार असेल, तर पोट भरेल. दैन्य कसे हटणार?

यास दुसरा मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रातच अनुभवास आलेला आहे. फादर हर्मन बाकर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आधी शिक्षण, मग मोठा निधी, असा क्रम होता. गावाने प्रथम लहानशा क्षेत्रावर श्रमदानाने काम करून दाखवावयाचे, शेताची आखणी शेतकरी पतिपत्नींना बरोबर घेऊन बांधावरच करावयाची आणि मगच नाबार्डमार्फत पुढील रक्कम. शिकविण्याचा खर्च हा वायफळ खर्च न मानता कामाचा पाया मानला गेला. २०१६ पासून पानी फाउंडेशननेही स्पर्धेपूर्वी गावकऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा हाच क्रम पाळला.

केंद्र सरकारने २०१८ साली हरित कौशल्य विकास कार्यक्रमाचा विस्तार करताना २०२१ पर्यंत ५ लाख ६० हजार जणांना तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट स्तुत्य, पण प्रशिक्षणापुढे कामाची हमी नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतेच उरते.

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. जंगल तोडल्याची भरपाई म्हणून जमलेल्या रकमेसाठी २०१६ साली कायदा झाला आणि २०१९ साली ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे सुपूर्द झाले. रान ज्यांच्या दारचे गेले, त्यांच्या वाट्याला या धनातून केवळ खड्डे खणण्याची रोजंदारी यावी, हा कोणता न्याय?

खानापूर तालुक्याकडेच पाहा. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते, म्हादईही याच रानातून निघते. तेथील झाड न् झाड ओळखणारा तरुण गवंड्याच्या हाताखाली राबण्यास परगावी जातो आणि रोपवाटिकेची योजना रान न पाहिलेला मनुष्य आखतो!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक जलसंधारण व वनीकरण कामाच्या खर्चातून ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. शिकण्याच्या दिवसांचे विद्यावेतन रोजंदारीपेक्षा कमी नसावे. कारण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो फुकट शिकावयास येऊच शकत नाही. शिकविणे शिकणाऱ्याच्या बोलीभाषेत व्हावे, स्त्रियांना त्यात बरोबरीचे स्थान असावे आणि शिकून तयार झालेल्यांकडेच आखणी, देखरेख व दुरुस्तीची पगारी कामे सोपवावीत.

ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी पुढील अंदाजपत्रकापूर्वी हा प्रश्न धसास लावावा. ओढ्याचे पाणी गावात अडवावयाचे असेल, तर आधी गावचा तरुण गावात टिकला पाहिजे. आणि तो टिकेल तो दयेच्या मजुरीवर नव्हे, मानाच्या विद्येवर.