विमान, ऊन आणि आपली सावली

सन २०२४ च्या जानेवारींत, १२ पासून १४ तारखेपर्यंत, भारतीय वायुदलानें मुंबईस मरीन ड्राइव्हवर विमानांच्या कसरती दाखविल्या. त्या वेळीं आम्ही सिरसाळ्याहून मुंबईस पुतण्याकडे गेलों होतों. आमचे ज्येष्ठ बंधु दादा यांचें वय ऐशींच्या वर. तरी "मला तीं विमानें दाखवाच" असा त्यांनीं हट्ट धरला. खेळ दुपारीं बारा ते एकचा. 'सूर्यकिरण' पथकाचीं तांबडीं-पांढरीं हॉक विमानें समुद्रावर दिसतांच आम्हीं दादांना कठड्यापाशीं उभें केलें आणि पुढें दादा, मागें विमानें असें छायाचित्र घेतलें. घरीं येऊन पाहतों तों विमानांचे काळे ठिपके, आणि दादांच्या जागीं टोपी घातलेली एक काळी आकृति! 'छायाचित्र' या शब्दांतील छायाच तेवढी आमच्या वांट्यास आली. दादा हंसून म्हणाले, "माझी सावलीच काढलीस कीं रे!"

असें कां व्हावें? मध्यजानेवारींत मुंबईस मध्यान्हीं सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारें ५० अंशांवर असतो. आणि आम्ही पाहत होतों नैर्ऋत्येच्या समुद्राकडे. अर्थात् विमानाची उजळलेली बाजू सूर्याकडे, व अंधारी बाजू आमच्याकडे. आपला डोळा उजेड व अंधार दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्यास तें साधत नाहीं. समोरचें सर्व दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें असावें, असें धरून तो प्रकाश मापतो. चौकटींत लखलखीत आकाशच फार असलें कीं तो प्रकाश कमी करतो. आकाश ठीक येतें आणि विमान काळें पडतें.

यावर पहिला उपाय जागेचा. आपले प्राचीन ज्योतिषी शंकु रोवून त्याच्या सावलीवरून दिशा काढीत. येथें आपणच शंकु व्हावें. आपली सावली जिकडे पडेल तिकडचें विमान टिपावें. सकाळीं पश्चिमेचें, सायंकाळीं पूर्वेचें, हिवाळ्यांत दुपारीं उत्तरेचें. आपल्या प्रांतांत मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो; तेव्हां विमानाचें पोट अंधारांतच राहणार, म्हणून ती वेळ टाळावी.

जागा बदलतां न आली, तर प्रकाश वाढवावा. मोबाइलच्या पडद्यावर विमानाच्या ठिकाणीं बोट टेंकवून उजेडाची खूण वर सरकवावी. मोठ्या कॅमेऱ्यांत अधिक एक किंवा दोनचा आंकडा ठेवावा. एक म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट प्रकाश. आकाश पांढरें पडेल, तें पडूं द्यावें. फ्लॅशचा प्रकाश विमानापर्यंत पोंचत नाहीं. जवळच्या माणसास मात्र तो उपयोगी पडतो.

पाठीमागचें ऊन नेहमींच शत्रु असतें असें नाहीं. धुराचे सूक्ष्म कण प्रकाश बहुतांशीं पुढच्या दिशेस विखुरतात. म्हणून विमानांनीं सोडलेली धुराची रेघ सूर्यासमोर अधिक झळकते. सांजवेळच्या तांबूस आकाशावर विमानाची काळी आकृतिही शोभते. परंतु भिंगांतून सूर्याकडे कधींहि पाहूं नये. क्षणांत डोळ्यास कायमची इजा होते.

त्याच वर्षींच्या आषाढांत दादा गेले. पुढें नातवानें संगणकावर त्या चित्रांतील काळोख थोडा उजळून दिला. चेहरा भुरकट आला. हंसूं कळतें, डोळे कळत नाहींत. त्या दिवशीं दादांना उन्हाकडे तोंड करून उभें केलें असतें, तर विमानें चौकटींत आलीं नसतीं, एवढेंच. घरोघरीं आजीला माजघराच्या दारांत बसवून, मागें अंगणाचें ऊन ठेवून छायाचित्रें घेतात. वाचकांनीं तिला आधीं अंगणाकडे तोंड करून बसवावें, आणि मग कॅमेरा उचलावा.