आडम मास्तरांचा हिशेब



निवडणूक आली की पुढारी आपला हिशेब आपणच छापून आणतो. गुळगुळीत कागद, वर हात जोडलेला फोटो, खाली केलेल्या कामांची जंत्री. तो कागद आम्ही बाजूला ठेवतो. पगाराच्या दिवशी आम्ही जशी हजेरी ताडून बघतो, पाळ्या किती भरल्या, खाडे किती पडले, तशीच पुढाऱ्याची हजेरी आम्हीच ताडायची.

या वेळी वही उघडली आहे नरसय्या आडम यांची. आपल्या सोलापुरात त्यांना पाळण्यातलं पोरसुद्धा आडम मास्तर म्हणतं. मालकधार्जिण्या पुढाऱ्याचा हिशेब सोपा असतो, पहिल्या ओळीतच शून्य येतं. कठीण हिशेब असतो तो आपल्या माणसाचा.

मास्तर लाल बावट्याचे. १९७८, १९९५ आणि २००४, असे तीन वेळा आपण त्यांना विधानसभेत पाठवले. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुकांत ते पडले. पडले, पण घरी बसले नाहीत. एकदा पडला की पाच वर्षे तोंड न दाखवणारे पुढारी या शहराने पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता जमेची बाजू. १९९२ पासून विडी कामगार बायांच्या घरांची मागणी मास्तरांनी आणि युनियनने लावून धरली. तेव्हा लोक हसत होते. पत्र्याच्या खोलीत दिवसभर तंबाखूच्या वासात पानं कातरणारी बाई म्हणे स्वतःच्या नावावर घर घेणार! केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायांच्या पदरचा वाटा, असे करून कुंभारीला दहा हजार घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायांना मिळाली. वसाहतीला नाव दिले वारली आदिवासींना वेठबिगारीतून उठवणाऱ्या गोदूताई परुळेकरांचे. कुठल्या शेठजीचे नाव दिले नाही, हेही वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर रे नगर. तीस हजार घरे, तीही कुंभारीलाच. विडीवाल्या बाया, यंत्रमाग कामगार, बांधकामावरचे मजूर, कचरा वेचणारे, असे सगळे असंघटित कष्टकरी. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली पंधरा हजार घरे त्यांच्याच हस्ते दिली गेली. किल्ली देणारा हात एकदा काँग्रेसचा, एकदा भाजपचा. किल्ली घेणारा हात दोन्ही वेळा कामगाराचा, आणि मधली सगळी वर्षे मोर्चे काढणारे पायसुद्धा कामगाराचेच.

यातली एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे मास्तरांनी आपली पुष्कळ माणसे आपल्याच मतदारसंघातून उचलून बाहेर नेऊन वसवली! नेहमीचा पुढारी काय करतो? झोपडपट्टी आहे तशी ठेवतो. दर निवडणुकीला नळ कबूल करतो, दर निवडणुकीला पुन्हा नळच कबूल करतो. कारण झोपडपट्टी म्हंजे त्याची मतांची कोठी. ती कोठी मास्तरांनी आपल्या हाताने रिकामी केली. स्वतःच्या मतांना खोट येईल असे काम पुढाऱ्याने केले का, ही आमची पहिली कसोटी. त्या कसोटीला मास्तर उतरले.

आता नावेची बाजू. ती लिहिताना हात आखडायचा नाही.

२०१९ च्या त्या कार्यक्रमात मास्तरांनी पंतप्रधानांची अशी स्तुती केली की त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केले. आमचे म्हणणे रोकडे आहे. घर हा हक्क आहे, आणि हक्काचे आभार मानायचे नसतात. सरकारच्या तिजोरीतला पैसा आमच्याच मीठ-मिरचीवरच्या, कापडावरच्या, विडीवरच्या करातून जमतो. आमचाच पैसा आम्हाला परत मिळाला तर पावती द्यावी, ओवाळणी कशाला? पण त्या दोन वाक्यांपायी मास्तर विकले गेले असे जे म्हणतात, त्यांनी कामगारांसाठी दहा घरे तरी बांधून दाखवावीत, मग बोलावे.

दुसरी नावे मोठी आहे. घर झाले, पण कामाचे काय?

सोलापूर उभे राहिले ते गिरणीच्या भोंग्यावर. १८७७ साली जुनी गिरणी निघाली, मागून विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी, जाम. १९४९ च्या ऑगस्टात मालकांनी जुनी गिरणी बंद केली, तेव्हा १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हातात घेतला. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९५३ साली तिथे सरकार हरले, तो भाग वेगळा. पण बंद गिरणीत सरकारला हात घालता येत नाही असे आम्हाला कुणी शिकवू नये. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडल्या, तेव्हा असा वटहुकूम कुठे गेला होता? त्याच दशकात मास्तर विधानसभेत होते. विरोधी बाकावरचा एकटा आमदार गिरणी उघडू शकत नाही, हे आम्हालाही कळते. तरी आमचे मत असे की, घरांसाठी जो रेटा तीस वर्षे टिकला तो कामासाठी टिकला नाही. पाळीवरचा नवरा घरी बसला आणि चूल बायकोच्या विडीच्या सुपावर आली. त्या सुपाला छप्पर मिळाले, पण सूप काही सुटले नाही.

आणि कुंभारी लांब पडते. अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.तले यंत्रमाग त्यातल्या त्यात जवळ. ज्याचे काम शहराच्या पलीकडल्या अंगाला आहे, त्याच्या मजुरीतला वाटा रोज एस.टी. आणि रिक्षा खाते. घराबरोबर शाळा, दवाखाना, गाडी आणि रोजगार मागितल्याशिवाय वसाहतीची मागणी पुरी होत नाही.

बाकीच्यांच्या वह्यांत काय निघते तेही सांगून टाकू, म्हणजे तराजूला दोन्ही पारडी होतील. वर्षानुवर्षे शहराच्या राजकारणात एकच गाजत होते: साखर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची, कारण विमान उतरायचे आहे. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. आमच्या गिरण्यांच्या चिमण्या गार पडल्या तेव्हा एवढी सभा-भाषणे कुणी केली नव्हती. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून शहराला कितीतरी वर्षे चार-पाच दिवसांआड पाणी मिळाले, हंड्यांच्या रांगेत पोरींची शाळा बुडाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार हाकला, तरी भांडायला नगरसेवकच नाही म्हणून रस्त्यावर आलेले किती पुढारी दिसले?

आता एक कुजबुज. चहाच्या टपरीवर ती ऐकू येते, म्हणून उघड बोलू. "मास्तर तेलगू, मराठी राज्याच्या चळवळीने त्यांचा हिशेब कशाला मांडावा?" बंधूंनो, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकराने सोलापूरची चादर विणली. लिंगायत बांधव घरी कानडी बोलतो, मोमीन बांधव उर्दू बोलतो, आणि भोंगा सगळ्यांना एकाच भाषेत बोलवत होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची घरची बोली कुणी विचारली होती काय? संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी, कामगार दिनी आला. राज्याचा कारभार मराठीत हवा, कारण कामगाराला कोर्टातला आणि कचेरीतला कागद वाचता आला पाहिजे. घरात ज्याने त्याने आपल्या आईची भाषा बोलावी.

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी भाषक भागावर हक्क सांगितला. त्याआधी १९६७ च्या महाजन अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातली गावे कर्नाटकाच्या पदरात टाकली होती. कुंभारी याच दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. तिथे हजारो कष्टकरी बायांच्या नावावर घर आहे, त्यात तेलगू आहेत, कानडी आहेत, मराठी आहेत, मुसलमान आहेत. त्या बायांना पाणी, गाडी आणि काम महाराष्ट्र सरकारने दिले, तर सीमेवर आमची बाजू मांडायला वकील थोडे कमी लागतील.

तेव्हा पुढल्या वेळी मत मागायला जो कोणी येईल, मास्तरांच्या पक्षाचा असो की दुसऱ्या कुठल्या, त्याला दारातच उभा करून तीन गोष्टी विचारा. कुंभारीहून सकाळच्या पाळीला पोचेल अशी गाडी कधी? विडीचे सूप सोडून बाईला दुसरे काम कुठे? आणि बंद गिरण्यांच्या जागेवर कामगाराच्या पोराला रोजगार देणारे काय उभे करणार? उत्तर तोंडी घेऊ नका. कागदावर, मराठीत, सहीनिशी घ्या.