दप्तरातील दुसरा रकाना

२०२३ सालापासून मराठवाड्याच्या कचेऱ्यांतील निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार सरकारने मान्य केला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांचा भाव एकाएकी वधारला. राजूर गणपतीच्या परिसरापासून थेट किनवटपर्यंत पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हा जिव्हाळ्याचा प्रश्न बनला. त्यात हसण्यासारखे काही नाही. शेती पोट भरीनाशी झाली की माणूस हाताला लागेल त्या कागदाचा आधार शोधतो. परंतु महसुली दप्तर हे मुळात जातीची नोंद करण्यासाठी नव्हे, वसुलीसाठी लिहिले गेले होते. जातीचा रकाना वाचला जातो. साऱ्याचा रकाना शेजारीच असून वाचला जात नाही. आणि दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे जे गुणगान होते, त्यातही तो रकाना नेमका वगळलेला असतो.

हा रकाना वाचायचा तर आरंभ भोकरदनच्या परिसरातूनच करावा लागेल. राजूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. डिसेंबरात झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख, जालना परगण्यासह, शिंद्यांच्या हातून गेला आणि कंपनीने तो आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या, पदरात टाकला. या भागावरील निजामाची सत्ता अनादी नव्हती. ती कंपनीच्या तोफांनी मिळवून दिलेली होती. तिची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न उरला होता.

ती कुणब्याने मोजली. तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८०० सालीच म्हैसूरच्या लढायांत मिळालेले जिल्हे कंपनीला तोडून दिले होते. त्यावर ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची दुसरी फौज उभी राहिली. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेन्सीचा आणि पगार मात्र संस्थानच्या खजिन्यातून. खजिना आटला की पामर कंपनीसारख्या पेढ्या शेकडा २५ च्या आसपास व्याजाने कर्ज द्यायला तयारच असत, आणि त्या कर्जाला गव्हर्नर जनरलचा आशीर्वादही होता. तुंबलेली बाकी दाखवून डलहौसीने १८५३ साली वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतला. धाराशिव व रायचूर १८६० साली परत आले. वऱ्हाडचा कापूस मात्र सुटला नाही. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या मोबदल्यात तो प्रांत कायमच्या पट्ट्याने घेतला. सावकाराने कुळाला खतात अडकवावे आणि मग जमीन गिळावी, तोच हा प्रकार, फरक आकाराचा. म्हणून निजामशाही आणि इंग्रजशाही यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे वस्तुस्थितीला सोडून होईल. जू एकच होते, त्याच्या दोन खिळ्या होत्या.

पहिल्या सालारजंगाने मक्त्याने वसुली करण्याची पद्धत मोडून रयतवारी आणली, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण रयतवारी फक्त दिवाणी मुलखात. संस्थानचा सुमारे तिसरा हिस्सा जहागिरींत गुंतलेला होता आणि दहावा हिस्सा ‘सर्फेखास’, म्हणजे त्याचे उत्पन्न थेट निजामाच्या खासगी तिजोरीत. सर्फेखासच्या गावातील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून त्या गावाला शाळा किंवा रस्ता मिळण्याचा संबंधच नव्हता. जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून सातव्या निजामाची कीर्ती झाली, तिच्यामागे ही गावे होती.

साऱ्याची सवय माणसाला लागते. नव्या जाचाची लागत नाही. करोडगिरी हा जाच रोजचा होता. हैदराबाद हे चहूकडून ब्रिटिश मुलखाने वेढलेले संस्थान, आणि त्याच्या सरहद्दीवर आयात-निर्यातीच्या मालावर शेकडा ५ च्या आसपास जकात घेणारे नाके. आज बुलडाण्याकडून राजूरच्या चतुर्थीला येणाऱ्या माणसाला वाटेत सरहद्द ओलांडल्याचे जाणवतही नाही. १९४८ पर्यंत तीच वाट दोन राज्यांत विभागलेली होती आणि दोन्ही बाजूंना बोली तीच, सोयरेही तेच. आपल्याच सोयऱ्याच्या गावाहून आणलेल्या कापडासाठी नाकेदाराची मर्जी राखावी लागते, तेव्हा राज्य परके आहे हे सांगायला वक्ता लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यावर लेव्ही आली. सरकारने धान्य गोळा करून शहरांना पुरवावे या कल्पनेत अन्याय नाही. समाजवादी विचारही तेच सांगेल. अन्याय होता तो अंमलात. लेव्ही खळ्यात किती पिकले यावर नव्हे, तर एकरांच्या हिशेबाने ठरे; भाव सरकारी, बाजारभावाहून कमी. ज्याच्या कोरडवाहू तुकड्यात पोटापुरतेही आले नाही, त्याला बाजारातून महाग धान्य विकत घेऊन सरकारला स्वस्तात घालावे लागे. ज्याच्या कणग्या भरलेल्या, त्याचे क्षेत्र पटवाऱ्याच्या लेखणीने आकसे आणि त्याचे धान्य चोरवाटेने चढ्या भावात जाई. देशमुख, पाटील, पटवारी आणि गिरदावर या साखळीत प्रत्येकाचे कोणी ना कोणी होते; अल्पभूधारकाचे मात्र कोणी नव्हते. तेलंगणात १९४६ साली ज्या उठावाने देशमुखांचे वाडे हादरले, त्याच्या मुळाशी वेठबिगारीबरोबर ही लेव्हीच होती.

तरीही करांच्या ओझ्याने आपोआप क्रांती होते, हे गणित चुकीचे आहे. तसे असते तर सर्वांत दरिद्री मुलूख सर्वांत आधी पेटले असते. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या गेल्या, तेव्हा नव्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. संताप किमतीचा नव्हता. ज्या सभागृहात आपला माणूस नाही त्याने कर बसवावा, याचा होता. १९२८ च्या बारडोलीत साऱ्याची २२ टक्के वाढ ही ठिणगी. लढा उभा राहिला तो वाढीची निःपक्ष चौकशी करा या मागणीवर. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली कोमराम भीम मारला गेला, तोही चराई आणि जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध उभा राहून. त्याच्या बाजूने संस्थानात बोलू शकेल असे एकही व्यासपीठ नव्हते. गाऱ्हाणे ऐकायला जागा असेल तर ते अर्ज बनते. ती जागा बंद केली की तेच गाऱ्हाणे बंड होते.

निजामाने ती बंद केली. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेसाठी सरकारची परवानगी सक्तीची केली. आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, ते सनदशीर मागण्यांसाठी. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. अर्ज करणाऱ्यांच्या पिढीला तुरुंग दाखवून राज्याने स्वतःच दुसरी पिढी घडवली. १९४७ च्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या अनुयायांनी जे कार्यक्रम घेतले, ते पाहावेत: शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके जाळणे, लेव्ही नाकारणे, दप्तरे पेटवणे. हल्ला झाला तो वसुलीच्या एकेका वाटेवर, कोणाच्या प्रार्थनास्थळावर नव्हे. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली. त्या पैशाचा हिशेब लढणाऱ्यांनी ठेवला, ही गोष्ट लुटीपेक्षाही मोठी मानली पाहिजे. दीडशे वर्षांत राज्याने जे केले नव्हते, ते बंडखोरांनी केले.

मग मुक्तिसंग्राम हा केवळ दोन धर्मांचा झगडा ठरवण्याची घाई कोणाला आणि का? रझाकारांचे अत्याचार खरे आहेत आणि ते विसरावेत असे कोणी म्हणणार नाही. पण ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल २२ ऑगस्ट १९४८ रोजी मारला गेला, हेही तितकेच खरे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील निरपराध मुसलमानांवर काय गुजरले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे. केंद्राने २०२४ साली १७ सप्टेंबर हा हैदराबाद मुक्तिदिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशीच्या व्यासपीठावरून या दोन नावांचा उच्चार अपवादानेच होतो. लेव्हीचा तर होतच नाही, कारण लेव्हीचा विषय निघाला की ती चुकवणारे कोण होते, हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्या यादीत सर्व धर्मांची नावे निघतील.

मुक्तीनंतरच्या हिशेबावरूनही हेच दिसते. १९४९ साली जहागिरी गेल्या, पण जहागीरदारांना भरपाई मिळाली. निजाम राजप्रमुख झाला. त्याचा तनखा वर्षाला ५० लाख, सर्फेखासच्या बदल्यातील रक्कम वेगळी. १९५० च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ हा शब्द जन्माला घातला. त्या कुळांपैकी किती जण ‘राजीनामा’ देऊन जमिनीवरून गेले, ते ए. एम. खुस्रो यांनी १९५८ च्या आपल्या अभ्यासात दाखवले. सारा भरणारा कसत राहिला, सारा वसूल करणारा पुढारी झाला. गावोगाव जे घडले त्याचे याहून सौम्य वर्णन करता येणार नाही.

आज जमीनमहसूल नाममात्र आहे. वसुली आता खत, औषध, डिझेल यांच्या किमतीत मुरलेली असते. नाकेदार दिसत नाही, म्हणून नाका नाही असे वाटते. कापूस आणि सोयाबीन मात्र सरकार जाहीर करते त्या भावाने विकले जाईलच याची खात्री नाही.

दप्तरांची पाने आता तपासली जात आहेत, छायांकित होत आहेत. काम एवीतेवी चाललेच आहे, तर जातीच्या नोंदीबरोबर आकारणीचे रकाने, जहागिरींची आणि सर्फेखासची गावे, कुळांच्या नोंदी आणि जेथे शिल्लक असतील तेथे लेव्हीच्या याद्याही मराठीत उतरवून त्या त्या ग्रामपंचायतीला द्याव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी तहसीलदारांकडे लेखी करावी. भोकरदनपासून सुरुवात करायला हरकत नाही. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर, भाषणांच्या आधी, आपल्या गावाने किती मण घातले, कोणी घातले आणि कोणी घातले नाही, हे चावडीवर वाचून दाखवावे.