पऱ्हाटीचं मोल बांधावरच ठरावं

वेचणी संपली की विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या उपटल्या जातात. थोड्या चुलीसाठी घरी येतात, उरलेल्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. लांबून शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण पऱ्हाटी उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, आणि पुढच्या पिकासाठी रानही मोकळं करावं लागतं. काडी लावणं त्याला त्यातल्या त्यात परवडतं.

पायरोलिसिस हा दुसरा मार्ग आहे. काडीकचरा हवा न लागू देता बंद भट्टीत साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. जळून राख होण्याऐवजी त्याचा कोळसा, तेल आणि वायू होतो. सावकाश तापवलं तर कोळसा जास्त, झटपट तापवलं तर तेल जास्त. वायू भट्टी तापती ठेवायला वापरता येतो. तेलाबद्दल मात्र भाबडेपणा नको. ते आम्लधर्मी आणि पाणीदार असतं, किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. ट्रॅक्टरमध्ये थेट ओतता येत नाही. म्हणून माझ्या मते गावासाठी खरा फायदा कोळशाचा आहे. हलक्या रानात तो ओल धरायला मदत करतो आणि त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीतच राहतो.

याच कार्बनला आता बाजार आलाय. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने 'वराह' या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत १ लाख टनांची कार्बन क्रेडिट्स घेण्याचा करार जाहीर केला. म्हणजे आम्ही आयटीवाले ज्या सर्व्हरवर पोट भरतो, त्यांच्या धुराचा हिशेब आपल्याकडच्या काडीकचऱ्यातून चुकता होणार.

प्रश्न एवढाच, की त्यातलं बांधापर्यंत किती पोचणार? पऱ्हाटीने ट्रॉली भरते, पण वजन भरत नाही. लांबच्या कारखान्यात न्यायची तर भाड्यातच सगळं जातं. म्हणून भट्टी गावात किंवा जिनिंगजवळ हवी, वजन शेतकऱ्यासमोर व्हावं आणि कोळशाचा ठरलेला हिस्सा त्याच्या शेतात परत यावा. ज्या भूमिहीन घरांची चूल याच काड्यांवर पेटते, त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा. त्यांच्यासाठी हा कचरा कधीच नव्हता.

आपल्यापैकी अनेकांची गावी अजून शेती आहे. भाऊ किंवा काका ती कसतात. गावाला आपण काही ना काही पाठवतोच. यंदा गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीला काड्या बारीक करणारं यंत्र घेऊन देता येईल का, हे घरी फोन करून विचारा. आणि कुणी करार घेऊन दारात आलं, तर सही करण्याआधी कागदाचा फोटो मागवा. इंग्रजी कलमं वाचून त्यांचा अर्थ घरच्यांना सांगणं, एवढं तर आपल्याला इथे बसूनही जमेल.