धर्मचर्चा कीं शिरगणती?

ख्रिस्ती धर्माचें नांव निघालें कीं आमच्या बैठकींतून दोनच प्रश्न ऐकूं येतात: बाटला कोण, आणि बाटविला कोणीं? त्या धर्माचा मनुष्य प्रार्थना कशी करितो, दुःखाचा भार कशाच्या बळावर सोसतो, हें विचारावयास कोणी तयार नसतो. ही धर्मचर्चा नव्हे. ही केवळ शिरगणती होय.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेंच उदाहरण घ्या. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण अभंग सोडिला नाहीं, कीं स्वदेशाचा अभिमानहि सोडिला नाहीं. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोहोंचलों, असें ते सांगत. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसहि स्थान होतें. अशा पुरुषास परका म्हणावयाचें, तर आपला कोणास म्हणावें?

फसवून वा लालूच दाखवून केलेलें धर्मांतर निंद्यच. परंतु १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य प्रत्येकास दिलें आहे; तें बहुसंख्याकांची मेहेरबानी नव्हे.

आमची सुशिक्षितांस व व्यापारी बंधूंस विनंती एवढीच कीं, शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच तोंडून ऐकावा, आणि आपला धर्म आपल्या आचरणानें सांगावा. तराजूच खोटा असेल, तर मंदिरांतील आरती व्यर्थ आणि चर्चमधील प्रार्थनाहि व्यर्थ. जेथें शेजाऱ्यास भीत भीत प्रार्थना करावी लागते, तेथील स्वराज्य अपुरेंच होय.