नाताळच्या माळा आणि सुरक्षिततेची किंमत

नाताळ जवळ आला की वसई, वांद्रे, पुण्याचा लष्कर भाग आणि अवघा गोवा येथील घरांवर कागदी तारे झळकू लागतात. अंगणात किंवा ओसरीवर पेंढ्याची गव्हाणी उभी राहते, तिच्यावरून दिव्यांच्या माळा सोडल्या जातात आणि नेवऱ्या-कलकलांसाठी तेलाची कढई दिवसभर शेगडीवर असते. कागद, पेंढा, तेल, मेणबत्ती आणि वीज ही सारी एकाच आठवड्यात एकाच छपराखाली एकत्र येतात. म्हणूनच दर डिसेंबरात सूचनांची यादी प्रसिद्ध होते : झोपण्यापूर्वी माळा बंद कराव्यात, मेणबत्ती एकटी सोडू नये, एकाच सॉकेटवर अनेक जोडण्या करू नयेत, कढईपासून मुलांना दूर ठेवावे.

या सूचना योग्यच आहेत आणि त्या पाळावयासही हव्यात. परंतु त्यांच्यामागे एक गृहीतकृत्य दडलेले आहे. घरात अपघात झाला तर तो घरातल्या माणसाच्या निष्काळजीपणामुळेच झाला, हे ते गृहीतकृत्य होय. ते कितपत खरे आहे, याचा विचार अर्थशास्त्राच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

नाताळच्या झाडावर पूर्वी खऱ्या मेणबत्त्या लावीत. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या नाताळात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढऱ्या व निळ्या अशा ८० विजेच्या दिव्यांनी झाड सजवले. ज्योतीची जागा विजेने घेतली. धोका संपला नाही, त्याचे रूप मात्र बदलले. ज्योत डोळ्यांना दिसते. बारीक तारेत साठणारी उष्णता दिसत नाही. धोका दृष्टीआड गेला की केवळ दक्षतेचे सामर्थ्य उणे पडते.

अमेरिकेत घरातील नाताळच्या झाडापासून सुरू होणाऱ्या आगी १९८० च्या सुमारास वर्षाला आठशेच्या घरात होत्या. अलीकडच्या वर्षांत ही संख्या दीडशेच्या आसपास आली आहे. या घटीचे सारे श्रेय एकाच कारणाला देणे अशास्त्रीय होईल. कृत्रिम झाडे आली, घरोघर धुराची सूचना देणारी यंत्रे बसली आणि दिव्यांची मानकेही कडक झाली. २०१५ साली तेथील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने तारेची किमान जाडी, जोडावर ताण पडू न देणारी रचना आणि अतिरिक्त प्रवाह रोखणारी योजना यांपैकी एखादी जरी गोष्ट नसलेली माळ धोकादायक ठरवली. असा माल बंदरावरच अडविता येऊ लागला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या कारणांपैकी बहुतेक कारणे माणूस अधिक सावध झाल्याची नसून वस्तू अधिक सुरक्षित झाल्याची आहेत.

ब्रिटनमधील उदाहरण याहून बोलके आहे. तेथे एकेकाळी विजेचे उपकरण प्लगवाचून विकले जाई. नाताळची भेट उघडली की घरातील कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिला प्लग जोडीत बसे, आणि तो चुकीचा जोडला गेला तर त्याचे फळही घरच भोगी. १९९४ च्या नियमांनी उत्पादकावरच प्लग बसवून देण्याचे बंधन घातले. ‘प्लग नीट जोडा’ असा उपदेश वर्षानुवर्षे करीत राहण्यापेक्षा जोडण्याची गरजच काढून टाकणे अधिक परिणामकारक होते.

गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये अपघातांच्या खर्चाविषयी जो विचार मांडला त्याचा मथितार्थ असा की, अपघात सर्वांत कमी खर्चात जो टाळू शकतो, त्याच्यावर जबाबदारी टाकावी. माळेत फ्यूज बसविण्यास कारखानदाराला फारच अल्प खर्च येतो. तेच काम लाखो कुटुंबांनी रात्रभर जागून करावयाचे म्हटले तर त्याला मोल नाही. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी दाखवून दिले की, जेथे वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो पण ग्राहकाला नसतो, तेथे हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. दोन माळा सारख्याच लुकलुकतात. आतील तांब्याची जाडी कोणाला दिसते?

आता आपल्याकडे वळू. कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला आणि २०१७ मध्ये एलईडी माळांचा त्याच्या कक्षेत समावेश झाला. मुलांना नाताळात भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या खेळण्यांनाही १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकांचे बंधन लागू झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याचा हक्क दिला; उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर ती जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते.

परंतु सणाच्या दिवसांत कोणत्याही मोठ्या बाजारात फेरी मारली तर ना उत्पादकाचे नाव, ना नोंदणीक्रमांक अशा माळांचे ढीग पदपथावर दिसतात. काहींना प्लगदेखील नसतो. मग तारेची दोन उघडी टोके सॉकेटमध्ये कोंबून ती निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकल्या जातात. हे दृश्य नाताळापुरते नाही. गणपती आणि दिवाळीतही ते घरोघर दिसते. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडतात आणि आगीतील मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक राहत्या घरांत होतात. हे सारे मृत्यू सणातले नव्हेत. परंतु घर ही आपोआप सुरक्षित असणारी जागा नव्हे, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. मानके कडक केली की वस्तू महाग होते आणि गरिबाचा सण अंधारात जातो, हा पहिला. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु निकृष्ट माळ स्वस्त असते ती तिच्या किमतीचा काही भाग पुढे ढकललेला असतो म्हणून. आणि तो भाग बहुधा चाळीतल्या, एकाच खोलीत स्वयंपाक करून निजणाऱ्या कुटुंबालाच भरावा लागतो. दुसरा आक्षेप सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्या संदर्भात मांडला होता : सुरक्षित साधने हाती आली की माणूस बेफिकीर होतो. त्यात तथ्य असू शकते. पण माळेत फ्यूज आहे म्हणून कोणी मुद्दाम ती पडद्यावर गुंडाळील, असे मानणे कठीण आहे.

तेव्हा उपाय तीन दिशांनी व्हावयास हवेत. सणांपूर्वी मानक ब्यूरोने बाजारातील माळा स्वतः विकत घेऊन तपासाव्यात आणि निष्कर्ष मराठी व कोकणी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावेत. लहान उत्पादकांना चाचणीचा खर्च झेपावा यासाठी सामाईक प्रयोगशाळांची सोय व्हावी. अन्यथा मानक हे मोठ्यांच्या मक्तेदारीचे साधन बनेल. आणि गृहनिर्माण संस्था, चर्चची मंडळे, नोकरदारांच्या पतपेढ्या यांनी नोंदणीकृत माल एकत्रित खरेदी करून तो वाजवी भावात सभासदांना द्यावा. ग्राहकाने पावती मागितलीच पाहिजे. पावतीवाचून कायद्याने दिलेला हक्क सिद्ध करणे अवघड होते.

झोपण्यापूर्वी माळ बंद करणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे, यात वाद नाही. मात्र पहाटेच्या प्रार्थनेहून थकून आलेल्या आईला एखाद्या रात्री ते बटण दाबण्याचा विसर पडला, तर त्या विसराची शिक्षा घर जळण्याइतकी भयंकर असता कामा नये. ती तशी नसावी एवढी व्यवस्था करणे हे मात्र कोणत्याही एका घराच्या आवाक्यातले नाही. ते समाजाचे आणि शासनाचे काम आहे.